दोन खणांची जागा

चिठ्ठी उघडल्या उघडल्या श्रीनिवासपंतांच्या डोळ्यांत भरलं ते अक्षर. मजकूर मागाहून. बावीस वर्षं कसब्याच्या चावडीवर बोरू झिजवलेला माणूस, त्याला स्वतःचं अक्षर ओळखू येणार नाही होय? आषाढात वडील कारकुनांनी फर्मावलं होतं, पंत, जागा मोकळी करण्याच्या ताकिदी पंधरा-वीस लिहून ठेवा, नावांची आणि जागेची ओळ कोरी सोडा, पुढं लागतातच. पंतांनी लिहून ठेवल्या. ओळ सरळ, वेलांटी भरदार, शेवटी 'उजूर न करणे', म्हणजे तक्रार नको, हे शब्द जरा ठसठशीत, कारण बजावायचं तर ते दिसलंही पाहिजे, असं त्यांचं मत होतं. त्यातलीच एक आता मार्गशीर्षातल्या कोवळ्या उन्हात, त्यांच्याच दारात, त्यांच्याच हातात आली होती. नावं आणि जागा तेवढी दुसऱ्या कुणीतरी भरलेली. 'श्रीनिवास' मधला श्री त्या गृहस्थानं असा काही फरपटत काढला होता की पंतांना पहिला राग आला तो त्या श्रीचा. हडपसरकर हिंदुराव यांचे घरातील दोन खणांची जागा आपणाकडे भाड्याने आहे, ती आठ दिवसांत मोकळी करून देणे. वाचताना मान आपोआप डोलली, कुठं काना-मात्रा चुकलेली नव्हती. मग ते ओट्यावर बसले.

चिठ्ठी आणणारा सोनबा चावडीवरचाच प्यादा. रोज पंतांना रामराम घालणारा. तो आपल्या वहाणांकडे बघत उभा होता. "म्या काय करू पंत, दिली ती आणली," एवढंच म्हणाला आणि पोच न मागताच वळला. पोच घेतल्याशिवाय जायचं नसतं हे पंतांनीच त्याला शिकवलं होतं, हे त्यांना आठवलं, आणि त्याला मागं बोलवावं असंही क्षणभर वाटून गेलं. माणसाचं डोकं कुठल्या वेळी काय धरून बसेल याचा काही नेम नाही. आतून आनंदीचा आवाज आला, सोनबा होता का? वहाण ओढत चालतो म्हणून ओळखला म्हणाली. पंत म्हणाले, हो, चावडीचं काम होतं. ती म्हणाली, बरं, आणि तिच्या बांगड्यांच्या आवाजावरून पंतांना कळलं की ती चुलीकडून रांजणाकडे गेली, झाकण काढलं, पाणी घेतलं, झाकण ठेवलं, परत चुलीपाशी आली. कुठं अडखळली नाही, कुठं चाचपडली नाही. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, डोळस बाई कामात आहे.

आणि हेच तर सगळं होतं. आनंदीला दिसत नव्हतं. पाच वर्षांपासून अजिबात नाही, त्याआधी सहा-सात वर्षं हळूहळू कमी होत गेलेलं. पंतांना ते कळलं एका संध्याकाळी. चावडीवरून घरी आले तर घरात काळोख, आणि त्या काळोखात आनंदी सूप पुढ्यात घेऊन तांदळातले खडे वेचत बसलेली. पंत दारातच थबकले. तिनं पावलं ओळखली आणि म्हणाली, दिवा लावायचा राहिला बघा. त्यांनी दिवा लावला. तिनं मान वर केली, दिव्याच्या जरा डावीकडे. पण ही दोन खणांची जागा तिनं डोळे होते तेव्हापासून अंगात मुरवून घेतली होती. मोरीचा कट्टा कुठं, कोनाडा किती उंच, कुठल्या फरशीचा कोपरा वर आलाय, सगळं तिच्या तळव्यांना ठाऊक. या जागेत आनंदी आंधळी नव्हती. इथून हलली की होणार होती. आठ दिवसांत.

त्या दिवशी चावडीवर जाताना वाट पायांनीच काढली. पंतांच्या डोक्यात मात्र पंधरा वर्षांपूर्वीचा एक दुपारचा प्रहर येऊन बसला होता. ही जागा घेतली तेव्हाचा. भाडेकऱ्यानं मालकाला कतबा, म्हणजे कबुलीचा कागद, लिहून द्यायचा, असा शिरस्ता. हिंदुराव तेव्हा तरणा शिलेदार, हडपसरला जमीनजुमला, कसब्यात हे घर, लिहिण्यावाचण्याशी वैर. तो म्हणाला होता, पंत, तुमी म्हंजे लिहिणारं मानूस, काय लिवायचं ते लिवा, मी निशाणी करतो. आणि पंतांनी लिहिलं. भाडं लिहिलं, मुदत लिहिली, आणि शेवटी, कुणी मागितलेलं नसताना, कुणाच्या स्वप्नातही नसताना, लिहिलं की मालकास गरज लागेल तेव्हा विनातक्रार जागा मोकळी करून देऊ, आजार, सण, नेमधर्म यांची सबब सांगणार नाही. का लिहिलं? तर कतब्याच्या मसुद्यात ती ओळ असते म्हणून. तिच्यावाचून कागद उघडाबोडका दिसतो म्हणून. वाचून दाखवलं तेव्हा हिंदुराव खुळ्यासारखा हसला होता, आणि म्हणाला होता, हे काय पंत, तुमाला कोन हाकलतंय? पंतांनी त्यालाच समजावलं होतं की कागद कसा पुरा असावा. काय ही अक्कल! बोरू हाती असला की कारकुनाला दुसरं काही सुचत नाही, आपण कुठल्या बाजूला बसलोय हेसुद्धा नाही.

चावडीवर वडील कारकून माधवपंत त्यांच्याशी त्या दिवशी फार गोड बोलले, त्यावरून श्रीनिवासपंतांनी ओळखलं की नाव त्यांनीच भरलं असावं. दुपारी पानतंबाखूच्या वेळी माधवपंतांनीच विषय काढला. मालकाची गरज खरी आहे, म्हणाले, जावयाचा पाय गेलाय खर्ड्याच्या मोहिमेत, पेठेतल्या वैद्याच्या नजरेखाली ठेवायचाय, हडपसराहून रोज आणणं होत नाही. मग आवाज उतरवून म्हणाले, अर्थात तुम्हाला नियम ठाऊक आहेतच. ठाऊक होते. भाडेकऱ्यानं उंबऱ्यावर उभं राहून श्रीमंतांच्या नावानं दुराही घातली, म्हणजे सरकारची आण घालून मनाई केली, की मालकानं आत पाऊल टाकायचं नाही, पंच बसेपर्यंत सामानाला हात लावायचा नाही. मोडली दुराही तर गुन्हेगारी, म्हणजे दंड, मालकाच्या गळ्यात. पण दुराही हवेत घालता येत नाही. सबब तिथंच, चारचौघांसमोर, मोठ्यानं सांगावी लागते. आणि पंतांनी आपल्याच हातानं सगळ्या सबबी कापून टाकल्या होत्या. आजार गेला, सण गेला, नेम गेला. पेठेच्या वहिवाटीत उरत होती एकच, जी कुठल्याही कतब्यानं कापता येत नाही: घरातलं माणूस पांगळं किंवा आंधळं असेल तर पंचांनी पाहिल्याशिवाय बिऱ्हाड हलवायचं नाही. इतक्या वर्षांत पंतांनी ही वहिवाट जागा सोडणाऱ्या एकाही माणसाला सांगितली नव्हती. विचारलं नाही, सांगितलं नाही. आपलं काम लिहिण्याचं, असं ते म्हणत.

मग सोपं आहे की, असं कुणीही म्हणेल. सोपं कसलं! आंधळी आहे हे सांगायचं कसं? आळीत कुणालाच ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक होऊ नये यासाठी आनंदीनं जे उभं केलं होतं त्याला पंतांचीही मूक साथ होती. पाच वर्षांपूर्वी शनिवार पेठेत एका नातलगाकडे लग्न होतं. पंत तिला घेऊन गेले, बायकांच्या घोळक्यात सोडलं आणि पुरुषांत जाऊन बसले. दोन प्रहर उलटून गेल्यावर शोधत आले तर आनंदी माजघराच्या मधोमध उभी. सोडलं होतं तिथंच. भोवती पंगतीची धावपळ, कुणी म्हणत होतं जरा बाजूला व्हा, कुणी म्हणत होतं बसा की, आणि ती हसून मान हलवत होती. बसायचं कुठं ते तिला कळत नव्हतं. मोरी कुठं हे विचारता आलं नव्हतं. पंतांनी तिचा दंड धरला तेव्हा लुगडं भिजलेलं होतं. चेहऱ्यावर मात्र तेच हसू. त्या हसण्याची पंतांना अजून भीती वाटे. नवी जागा म्हटली की त्यांना ते माजघर दिसे, आणि मधोमध ती.

त्यानंतर आठ-दहा दिवसांत आनंदीनं आळीत जाहीर केलं की आपण नेम धरलाय. बारा वर्षं उंबरा ओलांडायचा नाही, घरात बसून देवाच्या वाती वळायच्या, लक्षावर लक्ष. कसब्यात असल्या गोष्टींना काय कमी मान! महिनाभरात बायका ओटी घेऊन यायला लागल्या. लक्षवातींचा संकल्प सोडणाऱ्या तिच्याच हातच्या वाती नेऊ लागल्या, कारण वात अशी एकसारखी, जणू मापून काढलेली. बोटंच ती, डोळ्यांचं काय काम? समोरच्या घरातली सरुबाई, जिच्या जिभेखाली आळीतला एकही माणूस सुटला नव्हता, तीसुद्धा आनंदीपुढं जरा बेतानं बोले. बाई दारात आली की ती बोलायच्या आधी आनंदी नाव घेऊन या म्हणायची, पावलांवरून, बांगड्यांवरून, अंगाच्या वासावरून. बायकांना वाटायचं, नेमाचं तेज. कुंकू लावताना तिचा हात कधी चुकला नाही. समोरचीची हनुवटी आधी डाव्या हातानं मायेनं धरायची, मग कपाळ कुठं जाणार आहे? हे सगळं बघताना पंतांना कधी हसू यायचं, कधी धाकधूक व्हायची, आणि कधी तिचा एवढा अभिमान वाटायचा की चावडीवर जायला उशीर व्हायचा.

आठातले चार दिवस पंतांनी काहीच केलं नाही. जागा बघायला म्हणून निघायचे आणि नदीकाठी जाऊन बसायचे. एकदा बुरुडांच्या आळीपलीकडची एक जागा पाहिलीही. मालक दाखवत होता आणि पंत डोळे मिटून तीन पावलं चालून बघत होते. चौथ्याला कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं. मालक म्हणाला, "पंत, जागा उघड्या डोळ्यांनी बघतात आमच्याकडे." पंतांनी कपाळ चोळलं आणि कळवतो म्हणाले. घरी आल्यावर आनंदीनं विचारलं, कपाळाला काय झालं? कसं कळलं कुणास ठाऊक, बहुधा वाढताना त्यांनी हातानं दाबलं असेल, श्वास वेगळा आला असेल. त्यांनी सांगून टाकलं. चिठ्ठी, कतबा, जावयाचा पाय, सगळं. दुराहीचंही सांगितलं, आणि कुठल्या सबबीवर घालता येईल तेही. ती वात वळत होती ती वळत राहिली. दोन वाती पुऱ्या झाल्या. मग म्हणाली, "कुठंही जाऊ. तळ्याकाठी नाहीतर रानात. पण माझं कुणाला सांगू नका."

पंत म्हणाले, तिथं तू काय करशील? ती म्हणाली, बसेन. ते म्हणाले, आणि कुणी आलं तर? ती म्हणाली, तिथं मला ओळखतं कोण, येईल कोण? आवाजात तक्रार नव्हती, ती कालवणात मीठ आहे का विचारावं तसं बोलत होती, आणि म्हणूनच पंतांना ते सहन होईना. त्यांना शनिवारातलं माजघर दिसत होतं. तिला काय दिसत होतं ते त्यांनी विचारलं नाही. एवढ्या वर्षांत विचारलं नव्हतं, आता कुठं विचारणार. उरलेले दिवस दोघांनी फार जपून एकमेकांशी बोलण्यात घालवले. ती चिंचेचा घडा, मेतकुटाची बरणी एकेक बांधून ठेवत होती आणि ते रात्रंदिवस थकलेले होते, काही न करताच. एवढं आयुष्य दुसऱ्याच्या ताकिदी लिहिल्या, आपल्याला स्वतःच्या वतीनं एक वाक्य बोलायचं तर तोंडातून निघत नाही, असं त्यांना वाटत राहिलं. आणि दर वेळी दुसरं मन म्हणायचं, तिनं नको म्हटलंय.

आठव्या दिवशी सकाळी हिंदुरावाची गाडी आळीत आली. छकडा, वर ताडपत्री, आत त्याची लेक शालू आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून तिचा नवरा. गुडघ्याखाली काही नव्हतं, तिथं धोतराची घडी नीट दुमडून बांधलेली. तरणाताठा पोरगा, चेहरा मेणासारखा. हिंदुरावानं पागोटं सावरत ओट्यापाशी येऊन हात जोडले. राग धरू नगा, म्हणाला, माज्या दारातनं तुमी जावं हे माजंच नशीब फुटकं. दोन गडी सामान उचलायला आणि तुमच्या नव्या जागेपर्यंत पोचवायला आणलेत, असंही म्हणाला. नवी जागा नव्हतीच. आळी गोळा झाली होती. सरुबाई आपल्या ओट्यावर कंबरेवर हात ठेवून उभी. बायकांच्यात कुजबुज, नेमाचं आता कसं, उंबरा कसा ओलांडणार, भटजींना विचारलं का. एका गड्यानं पाऊल उचललं. पंत उंबऱ्यात उभे होते. मागं दाराआड आनंदी, तिच्या श्वासाची ऊब त्यांना पाठीवर लागत होती. गड्याचं पाऊल ओट्यावर पडलं आणि पंतांना ते माजघर दिसलं, आणि भिजलेलं लुगडं.

"श्रीमंतांची दुराही आहे," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "कुणी आत पाऊल टाकू नये."

गडी निखाऱ्यावर पडल्यासारखा मागं सरला. हिंदुराव गोंधळून गेला, मग दुखावला. "कशापायी पंत?" तो म्हणाला. "कतब्यात तर तुमीच लिवलंय, कायबी सबब सांगनार न्हाय म्हून. मला वाचून दावलंत."

मागून पंतांच्या अंगरख्याला एक हात लागला. ओढला नाही, नुसता लागला. नका म्हणत होता की आधार शोधत होता, हे पंतांना त्या वेळी कळलं नाही, आणि कळून घ्यायला ते थांबलेही नाहीत. "आमचं कुटुंब आंधळं आहे," ते म्हणाले. "पाच वर्षं झाली. काही दिसत नाही. पंचांनी येऊन पाहावं." हात अंगरख्यावरून निघून गेला. पंत बोलतच राहिले, एकदा सुरू झाल्यावर थांबेनात. कुणीतरी विचारलं, मग नेम? ते म्हणाले, नेम नव्हता. तसं सांगितलं होतं एवढंच. सरुबाईचा कंबरेवरचा हात खाली आला. एक म्हातारी गालांवर बोटं ठेवून म्हणाली, मग माझ्या लक्षवाती?

हिंदुरावानं पागोटं काढून हातात घेतलं. मग म्हणाला, हे आधी बोलायचं हुतं पंत, मी काय कसाई हाय? त्यानं गड्यांना खूण केली, बैल वळवायला सांगितलं. शालूनं बापाकडं पाहिलं आणि नवऱ्याच्या डोळ्यांवर आलेलं ऊन पदरानं अडवलं. परत हडपसर, तेवढा सगळा रस्ता, खडकाळ. छकडा अरुंद आळीत वळताना पायाला धक्का लागून पोरगं कण्हलं. माणसं पांगायला लागली, पण कुणी पूर्ण जाईना. पंत मागं वळले. जिंकल्यासारखं काही वाटेल अशी त्यांची समजूत होती. आनंदी भिंतीला टेकून खाली बसली होती. हात पुढं करून ती जमीन चाचपत होती, आपल्याच घरातली, जिचा दगडन् दगड तिला ठाऊक होता.

"गाडी थांबवा," ती म्हणाली.

पंत म्हणाले, आता काय झालं, दुराही लागू झालीय, पंच बसेपर्यंत कुणी आपल्याला हलवत नाही. इथंच राहायचंय तुला, ते म्हणाले, सगळं जिथल्या तिथं आहे. बांधलेली बरणी सोडूया. ते समजावत होते, नेहमीच्या शिरस्त्यानं, मुद्दा मुद्दा मांडून.

"त्या पोराला जागा लागते," आनंदी म्हणाली. "मला कशाला? मी इथं आंधळी नव्हते म्हणून इथं होते. आता कुठंही सारखंच."

पंतांना उठून गाडीमागं धावायला हवं हे कळत होतं. दुराही त्यांनी घातलेली, उठवायचीही त्यांनीच. पण ते उंबऱ्यातच बसले. अंगात जेवढं बळ होतं ते एकदा बोलण्यातच संपलं होतं. बैलांच्या घुंगरांचा आवाज आळीच्या टोकाकडे जात होता. आनंदी उठली. भिंतीच्या आधारानं आली, तिच्या पायाला पंतांचा खांदा लागला, तो तिनं हातानं चाचपला, लुगडं सावरलं आणि त्यांच्या शेजारून उंबरा ओलांडला. ओट्याची पायरी तिनं बसून उतरली. आळीत ऊन होतं, आळी तिनं पाच वर्षांत पायांखाली घेतली नव्हती. ती दोन पावलं गेली आणि थांबली. घुंगरांचा आवाज समोरच्या भिंतीवर आदळून दोन्हीकडून येत होता. तिनं मान वर केली आणि हाक मारली, हिंदुराव, अहो हिंदुराव, थांबा. सगळा जीव लावून मारली. तोंड मात्र उलट्या दिशेला होतं, जिकडे गाडी नव्हती, नुसती सुनी आळी होती, आणि सगळे बघत होते.

मग सरुबाई आपल्या ओट्यावरून उतरली. तिनं मागून येऊन आनंदीच्या खांद्याला हात लावला. आनंदीचं अंग एकदम आखडलं. सरुबाईनं हात काढला नाही. "तिकडं नाही गं," ती म्हणाली, आणि तिला दोन्ही खांद्यांना धरून हळूच गाडीकडं वळवलं.